आठ आऱ्यांचं चाक

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा पायाखालची जमीन थरथरत होती. मी घाबरून आत्याचा पदर धरला. आत्या हसली आणि म्हणाली, "अगो, माग चालतोय शेजारी. सवय होईल." सवय झाली, इतकी की पुढे सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की मला चैन पडेनासं झालं. आमच्या कोकणातल्या घरी आवाज म्हणजे सुरूच्या बनातला वारा आणि मागीलदारी आईचं खोकणं. इथे पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, मग गल्लीतले यंत्रमाग एकेक करून सुरू व्हायचे, त्यांच्या खटखटीत कुणी तेलुगूत पोरांना हाका मारायचं, कुणी कन्नडमध्ये भाजीवाल्याशी वाद घालायचं, आणि मी वरच्या खोलीच्या खिडकीत बसून यातलं आपल्याला काय कळतंय ते पाहत राहायची. आता या वयात कान मंदावलेत, पण डोळे मिटले की ती थरथर अजून तळव्यांना जाणवते.

आत्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. लग्न केलेलं नव्हतं. आईच्या आजारपणात धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून माझी शाळा सातवीनंतर सुटली. हायस्कूल खाडीपलीकडे होतं, होडीतून जावं लागे, ते राहूनच गेलं. भावंडं जरा हाताखाली आली तशी आत्या मला सोलापूरला घेऊन आली. "चार गोष्टी शिकेल," असं तिने वडिलांना सांगितलं. कुठल्या चार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या दिवसपाळ्या-रात्रपाळ्या असायच्या आणि मी दिवसभर एकटी. पण खालच्या घरमालकीणबाईंनी मला फार दिवस एकटं राहू दिलं नाही.

त्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणायची, मीही म्हणू लागले. अंगणात बसून त्या कांड्या भरायच्या, म्हणजे मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. हाताने ते चालू असताना तोंडाने स्वयंपाकघरातल्या सुनेला हुकूम चालू. चिंचेचं पातळ, झणझणीत चारू त्या करायच्या आणि भातावर ओतून माझ्यापुढे सरकवायच्या. आमच्याकडच्या सोलकढीची आठवण येऊन पहिल्या दिवशी माझे डोळे भरले. अम्मांना वाटलं तिखट लागलं. त्यांनी कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगांची चटणी पुढे केली आणि म्हणाल्या, "हे खा मग. हे तर गोडच हाय की." त्या चटणीने खरंच डोळ्यांतून धार लागली. अम्मा पोट धरून हसल्या, आणि त्यानंतर त्या घरात मी पाहुणी राहिले नाही.

त्या दिवसांत मला एक खोड लागली होती. बाजारात जाता-येता मी संस्थांची चिन्हं वाचायची. शाळा सुटलेल्या मुलीला फाटकाबाहेर उभं राहून वाचता येईल अशी तेवढीच एक गोष्ट असते. मुलींच्या पट्ट्यांवर बिल्ले चमकायचे, त्यांच्याकडे मी अधाशासारखी बघायची. आणि जिथे बघावं तिथे चाक. तंत्रशाळेच्या कमानीवर दातेरी चाक आणि त्याच्या पोटात पुस्तक. खादीच्या दुकानावर चरख्याचं चाक. रेल्वेच्या माणसाच्या टोपीवर चाक, पोस्टाच्या तिकिटावर चाक, हातातल्या नाण्यावर सिंहांच्या पायाखाली चाक, आणि या सगळ्यांचं मूळ वाटावं असं झेंड्यावरचं निळं चाक. एका संस्थेने चाक, कमळ, समई आणि सूर्य असं सगळं एकाच वर्तुळात कोंबलं होतं. बिचाऱ्या चाकाला फिरायलाही जागा उरली नव्हती. मी आत्याला विचारलं, "सगळ्यांना चाकच का हवं गो?" आत्या पायाला तेल चोळत होती. म्हणाली, "पुढं जायचं असतं ना सगळ्यांना." मग दुसरा पाय पुढे घेऊन, "कुठं ते विचारू नको."

अम्मांचे यजमान, सगळे त्यांना मास्तर म्हणत, चादरींची नक्षी काढायचे. शाळेशी त्यांचा संबंध नव्हता, मास्तर हे कामाचं नाव. चौकटींच्या कागदावर ते एकेक चौकट लाल रंगाने भरायचे. एक चौकट म्हणजे एक धागा वर. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडली जायची, ते पत्ते मागावर चढायचे आणि कागदावरचा मोर चादरीवर उतरायचा. मला ते जादूसारखं वाटे. मी जिन्यात बसून बघायची. एक दिवस मास्तरांनी मान वर न करता कुंचला माझ्याकडे धरला. "नुसतं बघून काय करलालीस? भर."

भरता भरता मी शिकले. सगळ्यात अवघड होतं गोल. चादरीत उभे धागे दाट आणि आडवे विरळ, त्यामुळे कागदावर नीट गोल काढला तर कापडावर तो उभा ताणला जाऊन दुधी भोपळा होतो. गल्लीत नव्याने शिकणारा प्रत्येक जण हा भोपळा एकदा विणतोच. मास्तर म्हणायचे, "कागदावर आडवं अंडं घाल, कापडावर लाडू निघंल." मग कागद भिंतीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि अगदी बाजूने, भिंतीला गाल लावून बघायचं. तसं बघितलं की अंडं आवळून गोल दिसतं. आमच्या त्या भिंतीवर गालाच्या उंचीला दोन तेलकट डाग पडले होते. वर मास्तरांचा, खाली माझा.

विणकरांची एक सहकारी संस्था होती, मास्तर तिचंच काम करत. संस्थेची नवी इमारत होत आली होती आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना चादरी द्यायच्या होत्या. चादरीच्या कोपऱ्यात संस्थेचं चिन्ह विणलेलं हवं, आणि चिन्ह तर संस्थेला नव्हतंच. ते ठरवायला मंडळी एका सकाळी आमच्या अंगणात जमली. अध्यक्ष शिवाप्पाअण्णा, मोठ्या अंगाचे, सुताचे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे. चिटणीस, एका बँकेतून निवृत्त झालेले, सगळं मोजून बोलणारे. आणि मल्लय्यातात्या, संस्थेतले सर्वांत जुने विणकर.

चिन्हात चाक हवं, यावर तिघांचं क्षणात एकमत झालं. कुठलं चाक, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

"दातेरी घ्या," चिटणीस म्हणाले. "एकाचा दाता दुसऱ्यात अडकतो, त्यालाच सहकार म्हणतात."

"दाते अडकले की माग बंद पडतो," तात्या म्हणाले. "चरख्याचं चाक घ्या. आपलं मूळ ते."

"चरखा घेऊन यंत्रमागाच्या चादरी इकायच्या? लोक हसतील की!" अण्णा म्हणाले.

"मग रथाचं घ्या अण्णा, तुमच्या यात्रेतलं. वर तुमालाच बसवतो."

अण्णा मोठ्याने हसले, पण त्यांनी वाद तिथेच मिटवला. "झेंड्यावरचं घ्या. चोवीस आऱ्यांचं. त्याला कुणाची हरकत न्हाय. खाली एक धोटा काढा, झालं."

नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. आत्यानेच डॉक्टरांना गळ घालून ते जमवलं होतं. ऑपरेशन एका डोळ्याचं, पण तेव्हा पट्टी दोन्ही डोळ्यांवर बांधायचे आणि हलू द्यायचे नाहीत. आणि त्याच आठवड्यात आत्याच्या बदलीचा हुकूम आला. दूर नांदेडच्या बाजूला. तिथे सिस्टरांच्या वसतिगृहात राहायचं, नातेवाइकांना परवानगी नाही. म्हणजे मी घरी. घरी वडिलांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. माणूस वाईट होता असं नाही. मला मात्र रात्रंदिवस एकच वाटे, की माझ्या हाताला आत्ता कुठे काहीतरी यायला लागलंय आणि ते सोडून जायचं.

अम्मांनी हे अण्णांच्या कानावर घातलं. नवीन इमारतीत नक्षीची खोली होणार होती, मास्तरांना तिथे हाताखाली माणूस लागणारच होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "चिन्ह जमलं तर बघू," म्हणाले. एवढंच. पण त्या "बघू"ला मी जी लटकले, ती सुटलेच नाही. मला लहानपणापासून काळजी करायची सवय. नंतर नीट झालेल्या गोष्टींचीही मी आधी पुरेपूर काळजी करून घेतलेली असते. त्या आठवड्यात मात्र काळजीला खरंखुरं कारण होतं.

मास्तर पडवीत बाजेवर डोळे बांधून पडलेले आणि मी त्यांच्या पायाशी कागद पसरून बसलेली. आडवं अंडं घातलं. भिंतीला गाल लावून पाहिलं, गोल दिसलं. मग आऱ्या. कोपऱ्याला जेवढे धागे मिळणार होते त्यात चोवीस आऱ्या काठाशी कशाबशा बसत, पण मध्याकडे येता येता एकमेकींना चिकटत आणि सगळ्यांची मिळून एक लाल गाठ होई. मी खोडलं, पुन्हा काढलं, आऱ्या बारीक केल्या. एका धाग्याहून बारीक काय करणार? शेवटी तसाच नमुना विणून बघायचं ठरलं. मागावर पत्ते चढवून द्यायला दादाराव आले. संस्थेचे फिटर, स्वतःचे दोन माग असलेले सभासद, सोलापुरात त्यांच्यासारखा हात नाही असं मास्तर म्हणत. नमुना उतरला आणि दादाराव तो हातात घेऊन उलटसुलट करून बघू लागले.

"काय दिसतंय?" मास्तरांनी बाजेवरून विचारलं.

"खरं सांगू? शर्टाचं बटन."

मला हुंदकाच फुटला. मास्तर पट्टीआडून म्हणाले, "रडतीस कशाला? कापड न्हाय म्हणतंय ना? मग त्याला इचार, किती चालंल."

मी कापडाला विचारलं. बारा चिकटल्या. दहा वाकड्या बसल्या. आठ बसल्या. एक उभी, एक आडवी, आणि तिरप्यांना आडव्या तीन चौकटी, उभ्या दोन, अशा पायऱ्या. भिंतीला गाल लावला तर चाक असं स्वच्छ दिसलं, की आत्ता फिरेल. दादारावांनी तो दुसरा नमुना उतरवला. घडी करून माझ्या हातात दिला, त्याआधी चाकावरून एकदा अंगठा फिरवून.

संस्थेच्या जुन्या कचेरीत सतरंजीवर बैठक होती. मास्तर येणारच म्हणून हटून बसले, त्यामुळे अम्मा त्यांचा हात धरून आणि मी दोघांच्या मागे. दादाराव सभासद म्हणून खिडकीशी बसले होते. दुसरा नमुना मध्ये पसरला. तात्या वाकले आणि बोटाने मोजू लागले.

"आठच?"

"चोवीस ठरल्या होत्या," चिटणीस म्हणाले. "राष्ट्राच्या चाकाच्या आऱ्या कमी करायच्या? उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

चिटणीस जरा अण्णांकडे झुकले. त्यांचा आवाज त्यांनी खाली केला, पण खोली लहान होती. "शिवाय आठ आऱ्यांचं चाक म्हणजे, तुम्हाला ठाऊक आहे, बुद्धविहाराच्या कमानीवर असतं. लोक म्हणतील संस्था त्यांची झाली."

खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. मग खिडकीकडून दादारावांचा आवाज आला. चढलेला नव्हता.

"चिटणीससाहेब, संस्था आमची न्हाय व्हय? मी कवापासून सभासद हाय. तुमचे माग बिघडले की मलाच बोलावता की. चाक तेवढं आमचं निघालं तर वाईट?"

चिटणीस म्हणाले, "माझा तसा अर्थ नव्हता."

"मग कसला व्हता, ते सांगा. बसलोय मी."

अण्णांचा चेहरा लाल झाला. ते चिटणिसांकडे बघेनात, दादारावांकडेही बघेनात. आणि मग, बहुधा दुसरीकडे कुठे बघावं हे न कळून, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू सांग. कुणाचं चाक काढलंस हे?"

मला ना झेंड्याचा इतिहास ठाऊक होता, ना विहाराच्या कमानीचा. मी पिशवीतून पहिला नमुना काढला आणि दुसऱ्याशेजारी ठेवला. म्हटलं, "झेंड्याचंच काढायला बसले होते. ते कापडात मावलं नाही. मावलं ते हे. कुणाचं आहे ते मला नाही सांगता येणार."

तात्यांनी पहिला नमुना उचलून उजेडात धरला. "हे तर गोधडीला लावलेलं ठिगळ दिसतंय की हो."

"आऱ्याच नको ठेवायला," कुणीतरी मागून सुचवलं. "नुसता गोल ठेवा."

"मग ती भाकरी झाली," अम्मा म्हणाल्या. त्यांनी बोलणं कुणालाच अपेक्षित नव्हतं. दोघंतिघं हसले, आणि दादाराव हसले नाहीत.

अण्णांनी दोन्ही नमुने मांडीवर घेतले. मग चिटणिसांना म्हणाले, "झेंड्याचं चाक झेंड्यावर राहू द्या. तिथं त्याला जागा हाय. आपल्याला कोपरा एवढाच. आणि दादाराव," इथे त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं, "हे तुमचं असंल तर आमचं बी हाय. तुमचं न्हाय म्हणत असाल, तर मग आमाला तरी ते कशाला पायजे?"

"मी न्हाय कुटं म्हणलो?" दादाराव म्हणाले.

"मग लिवा. आठ आऱ्या."

चिटणीस नापसंती नोंदवा म्हणाले, ती नोंदवली गेली. मग त्यांनी चष्मा पुसून विचारलं, या मुलीला नक्षीच्या खोलीत घ्यायचं म्हणता, तर तिचं शिक्षण काय? मी सातवी म्हटलं. तो शब्द माझ्या तोंडून इतका हळू आला, की मला तो पुन्हा म्हणावा लागला. नेमणुकीला मॅट्रिक लागतं, हे चिटणिसांचं म्हणणं खरंच होतं. अण्णा कंटाळून म्हणाले, "मग नेमू नका. नुसती कामाला येऊ द्या. थोडे महिने बघू." त्या "थोड्या महिन्यां"वर मी पुढे निवृत्त होईपर्यंत काम केलं, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक?

चहा आला तेव्हा दादाराव उठून गेले होते. जिन्यात मला भेटले, चप्पल घालत होते. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं. "चाक बरं झालंय," म्हणाले, "पर खालचा धोटा डावीकडं कललाय. उद्या बघ." मी बघितलं. कललेला होता.

त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, वाचनालयातून मागून, कामातून वेळ काढून. एक पुस्तक म्हणतं चाक म्हणजे धर्म, दुसरं म्हणतं गती, तिसरं म्हणतं काळ. आऱ्यांच्या प्रत्येक संख्येला कुणी ना कुणी एक शिकवण जोडून ठेवली आहे. सगळं खरं असेल. मला स्वतःला मात्र असं वाटतं, की संस्था चाक निवडतात, कारण ते कुणा एकाचं नसतं. फूल म्हटलं की बाग कुणाची ते विचारतात, प्राणी म्हटला की देव कुठला ते विचारतात. चाक बैलगाडीलाही असतं, चरख्यालाही, देवाच्या रथालाही. आणि तरी त्या सतरंजीवर बसलेल्या भल्या माणसांतल्या प्रत्येकाला ते थोडं अधिक आपलं हवं होतं, निदान दुसऱ्याचं तरी नको होतं. त्या दिवशी चाकाला जागा मिळाली ती अर्थ पटला म्हणून नाही. एका माणसाने "बसलोय मी" म्हटलं आणि तो खरंच बसून राहिला, म्हणून मिळाली. त्याच जागेत मलाही थोडी जागा मिळाली. हे ऋण मी कुणापाशी फेडावं, ते मला अजून कळलेलं नाही.

आत्या गेली त्या दिवशी स्टँडवर एसटीच्या खिडकीतून तिने माझी हनुवटी धरली. "राहशील ना गो बाय? भीती वाटली तर पत्र टाक. आणि त्या स्थळाचं वडिलांना मी समजावीन." मी राहीन म्हटलं. भीती वाटतच होती, ती मी तिला सांगितली नाही, तिला कळलीच असणार. घरी आले तर अम्मांनी माझी वळकटी वरच्या खोलीतून उतरवून खाली आपल्याच घरात टाकली होती. मला त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याबरोबर निघाले. नवीन इमारतीच्या दारात स्टूल टाकून पहारेकरी बसला होता. मला त्याने पूर्वी पाहिलेलं नव्हतं. माझ्या हातातली गुंडाळी आणि कुंचल्यांचा डबा बघून त्याने पाय आडवा घातला.

"कुणाकडं काम हाय?"

सांगायचं म्हटलं तर कितीतरी होतं. अण्णांचं नाव, मास्तरांचं नाव, बैठकीतला ठराव. पण जे तोंडातून आलं ते ऐकून माझं मलाच नवल वाटलं.

"कुणाकडं न्हाय," मी म्हटलं. "मी हितलीच हाय."

त्याने पाय मागे घेतला.